यात काय आहे, एवढंच विचारा

नानकटाई एका घरापुरती करताच येत नाही. एक किलो मैदा घेतला, त्यात थोडा रवा, थोडं बेसन, पाऊण किलोच्या आतबाहेर तूप आणि जवळपास तेवढीच पिठीसाखर, की शंभराच्या आसपास नग होतात. चार माणसांच्या घरात शंभर नानकटाया कोण खाणार? पोळ्या माणसं मोजून करता येतात, रस्सा वाढवता येतो, कमी करता येतो. भाजायच्या पदार्थांचं तसं नाही. दोन नगांसाठी भट्टी कोणी पेटवत नाही आणि ओव्हनही कोणी तापवत नाही. त्यामुळे करणारीच्या डोक्यात आधीपासून हिशेब चालू असतो. समोरच्या घरात बारा, जेठानीकडे वीस, मुलीच्या ट्युशनच्या बाईंना दहा, आणि खालच्या मजल्यावर जरा तुटक्या असल्या तरी चालतील. घरच्या भाजण्यातली मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. तो पदार्थ करायला घेतला तेव्हाच तो अर्धा दुसऱ्याचा झालेला असतो.

लिहायचं आहे ते या दुसऱ्या अर्ध्याबद्दल. लग्नानंतर कळमन्यात आले त्याला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत शेजारी डबे देता-घेता मला दिसतंय ते असं, की घरी भाजणं खूप वाढलंय आणि वाटणं कमी होत चाललंय. याला महागाई आणि वेळ नसणं ही कारणं आहेतच. पण मोठं कारण वेगळं आहे आणि त्याबद्दल आपण एकमेकांसमोर बोलत नाही.

माझं माहेर कामठीचं. इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेलं छावणीचं गाव, त्यामुळे पाव-बिस्किट तिथे परकं नव्हतं. रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा, या दोन वेळांना मोहल्ल्यातल्या बेकरीवर बायकांची आणि आम्हा पोरांची रांग लागायची. मे महिन्यात कणकेच्या बिस्किटांसाठी पुन्हा एकदा. मैदा, तूप, साखर, वेलची सगळं घरून न्यायचं. बेकरीवाल्याची फक्त भट्टी, त्याचे पत्रे आणि त्याचा हात. पैसे किलोमागे. भट्टीत आधी पाव जायचे, पाव निघाले की आच जरा उतरायची आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाई लागायची. घाई केली तर वरून लाल आणि आतून कच्ची. म्हणून दोन-तीन तास बसून राहणं आलंच. आपल्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची, तरी पत्रे बदलायचे आणि भांडणं व्हायची. तूप आणि पिठीसाखर फेसून फेसून पांढरं करायचं काम आम्हा मुलींकडे असायचं. हात दुखायचे. पण नानकटाईचा खुसखुशीतपणा तिथेच ठरतो, बेकिंग पावडरने तो येत नाही, हे मी आजही सांगते आणि यूट्यूब बघून करणाऱ्या मुली ऐकत नाहीत.

त्या रांगेत एक गोष्ट आपोआप व्हायची. प्रत्येकीचं सामान सगळ्यांच्या देखत परातीत ओतलं जायचं. आमच्या अम्मीने काय घातलं ते शेजारच्या मावशींनी पाहिलेलं असायचं आणि मावशींनी काय घातलं ते अम्मीने. ईदला आमच्याकडून त्यांच्याकडे आणि दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडे डबा गेला, तर त्यात काय आहे हे विचारायची गरज कोणालाच नव्हती.

नानकटाईच्या जन्माची एक कथा सुरतेची सांगतात. तिथे डच व्यापाऱ्यांसाठी बेकरी होती. डच गेले आणि ती दोटीवाला नावाच्या पारशी कामगाराच्या हाती आली. पावाचं पीठ ताडीने फुगवायचे, अंडंही असायचं, त्यामुळे गावातली माणसं तो पाव खायला तयार नव्हती. मग सुकलेला पाव स्वस्तात विकता विकता बिनताडीचं, बिनअंड्याचं खुसखुशीत बिस्किट तयार झालं. सांगोवांगीची गोष्ट आहे, तपशील थोडे इकडेतिकडे होतात. पण आपल्या डब्यातला पदार्थ तिच्याशी जुळतो खरा. नावात फारसीतला नान आहे, करणाऱ्यांत पारशी, मुसलमान, हिंदू सगळे आहेत, आणि त्यात ना अंडं, ना ताडी. एकाला अंडं चालत नव्हतं, दुसऱ्याला ताडी. दोन्ही काढून टाकलं आणि पदार्थ सगळ्यांचा झाला. कोणी त्याला ‘आमच्या भावना दुखावल्या’ असं म्हटल्याचं या कथेत तरी नाही.

आता दुसरी एक आठवण, ही मात्र इतिहासातली आहे. वनस्पती तुपात परदेशातून आणलेली जनावरांची चरबी मिसळली जात असल्याचं प्रकरण १९८३ मध्ये देशभर गाजलं. मी तेव्हा लहान होते, पण घरातली कुजबुज आठवते. हिंदूंना गाईची शंका, आम्हाला डुकराची शंका. त्या वर्षी दोन्हीकडच्या बायकांनी एकच केलं. बाजारातलं बंद आणि घरचं सुरू. लोणी कढवून तूप करायचं, तेच घेऊन भट्टीवर जायचं. संशय कारखान्यावर होता आणि भरवसा शेजारणीच्या हातावर होता.

आज हे बरोबर उलटं झालंय. कारखान्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असला की मन शांत होतं. या खुणा सक्तीच्या आहेत, शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका, मांस-मासे किंवा अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण. व्यवस्था चांगली आहे, तक्रार नाही. पण घरून आलेल्या ताटलीवर कुठला ठिपका? तिथे विचारावं लागतं आणि सांगावं लागतं. आपण नेमकं तेच सोडून दिलंय. विचारायला संकोच आणि सांगायला अपमान. मग ताटली ‘राहू द्या, कशाला त्रास’ म्हणून दारातूनच परत जाते, किंवा घेतली जाते आणि कामवाल्या बाईला दिली जाते. दोन्ही मी पाहिलंय.

विचारणाऱ्यांपासून सुरुवात करते. आमच्या समोरच्या काकू शाकाहारी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या देशाने केक करायला घेतले, तसे मीही घेतले. ओव्हन आला नव्हता तेव्हा कुकरमध्ये तळाला मीठ घालून, शिट्टी आणि रबर काढून. पहिला केक नेऊन दिला तेव्हा काकूंनी झाकण उघडायच्या आधी विचारलं, “अंडं तं नाही टाकलं ना गं यात?” माझ्या मोठ्या मुलीला ते लागलं. तिचं म्हणणं, आपल्याकडून आलं म्हणूनच विचारलं. मी तिला म्हटलं, ज्यांना खायचं असतं तेच विचारतात. ज्यांना खायचंच नसतं ते थँक्यू म्हणून दार लावतात.

माझं मत आजही तेच आहे. ‘यात काय आहे’ हा प्रश्न अन्नाबद्दल आहे आणि तो विचारायचा हक्क प्रत्येक खाणाऱ्याला आहे. आपण मुसलमान हा प्रश्न रोज विचारतो. जेलीत जिलेटिन कशाचं? या व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का? ही चिकन कुठून आणली? आपण विचारलं की ती दीनदारी आणि शेजारच्या काकूंनी विचारलं की भेदभाव, हे चालणार नाही. प्रसादाचंही तसंच. पूजेत चढवलेलं खायचं नाही असं आपल्यातली अनेक घरं मानतात. ते उघडपणे सांगितलं तर कोणाचं काही बिघडत नाही. आमच्या गल्लीत दिवाळीचा फराळ नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवणाऱ्या दोन बायका आहेत. त्यांना हे कोणी शिकवलं नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा, खूप वर्षांपूर्वी, नीट शब्दांत सांगितलं होतं, एवढंच. सासूबाईही शिरखुर्म्याचं एक पातेलं वेगळं ठेवायच्या, ज्यात कधी मांस शिजलेलं नाही असं. ते पातेलं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर दरवर्षी सणाच्या तोंडावर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, त्यांच्या बेकरीतून, त्यांच्या घरातून काही घेऊ नका. दुसरा म्हणतो, त्यांच्या सणाचं काही खाऊ नका, ईमान जातं. लिहिणारे एकमेकांचे शत्रू आहेत आणि काम एकमेकांचं करतात. पहिला मेसेज आपल्याला लगेच झोंबतो. दुसरा आपल्याच घराच्या ग्रुपवर कोणी टाकला तर आपण अंगठा दाखवून पुढे जातो. मला हे पटत नाही. हदीस आपण ऐकलेली असते. रस्सा करशील तेव्हा पाणी थोडं जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव, अशा अर्थाची सूचना पैगंबरांनी हजरत अबू जर यांना केली. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी घरच्यांना पहिली विचारपूस केली ती ‘आपल्या यहुदी शेजाऱ्याला दिलं का’ अशी, आणि एकदा विचारून ते थांबले नाहीत. अबू दाऊद आणि तिरमिजी दोन्हींत ही नोंद आहे. शेजारी म्हणजे फक्त आपल्यातला, असा अर्थ काढणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

काय आहे हे विचारणं रास्त. पण कोणी केलं, हे विचारणं वेगळं. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाणावळींना मालकाची नावं लावायची सक्ती झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला नेमकी हीच रेघ ओढली. तुमच्याकडे काय मिळतं, शाकाहारी की मांसाहारी, ते लिहा. मालकाचं, कामगाराचं नाव लिहायची सक्ती नको. त्या सुनावणीत न्यायमूर्ती भट्टींनी केरळमधल्या दिवसांची आठवण सांगितली होती. गावात शाकाहारी जेवणाची दोन हॉटेलं, एक हिंदू मालकाचं, एक मुसलमान मालकाचं, आणि ते स्वच्छतेसाठी दुसऱ्याकडे जायचे. न्यायालयात अशी साधी, पोटाची गोष्ट निघाली याचं मला बरं वाटलं.

‘कोण’ हा प्रश्न विचारणारे फक्त पलीकडे आहेत असंही नाही. आपल्या मोहल्ल्यांत बिरादरी बघून डबा पाठवणारी घरं आहेत. कोणाच्या लग्नात जेवायचं आणि कोणाच्या लग्नात नुसतं पाकीट देऊन निघायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि मिंबरवरून त्यावर कोणी बोलत नाही. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एकदा विचारा, अन्न लांबून वाढलं जातं तेव्हा कसं वाटतं. आपल्याला जे आज नव्याने कळतंय ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्यांच्या डब्याशी आपण कसं वागलो, हे ज्याने त्याने आपल्या घरात बघावं.

२०२५ चा मार्च इथे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रमजान चालू होता. १७ तारखेला महालात दगडफेक, जाळपोळ झाली, शहरातल्या ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. आमच्या शेजारचं यशोधरानगर त्यात होतं. जखमींपैकी एकजण पुढे दगावला. २३ तारखेला संचारबंदी पूर्ण उठली. त्यानंतर आठवड्याने, ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ ला ईद. एवढे लागून आलेले दोन सण आणि मधे ही राख. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न पडला होता, यंदा डबा पाठवायचा की नाही? हा प्रश्न मला मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत विचारला गेला. नाही पाठवला तर सुरक्षित. कोणी नाही म्हणायचा प्रश्नच नाही. मला मात्र वाटलं, या वर्षी खंड पडला तर पुढच्या वर्षी सुरू करायला कोणाला तरी जास्त मोठं धाडस लागेल.

आम्ही पाठवला. दरवर्षीच्या नऊ घरांपैकी सात घरांत गेला. एका घराने ‘सध्या राहू द्या’ म्हटलं, एक घर गावाला गेलं होतं. पाडव्याला काकूंकडची पुरणपोळी इफ्तारीच्या वेळेला आली, रोजा सुटायच्या दहा मिनिटं आधी, गरम. त्यांनी वेळ बघून पाठवली होती. यातून नागपुरात शांतता आली असा माझा दावा नाही. शांतता आणायचं काम पोलिसांचं, न्यायालयाचं, पुढाऱ्यांचं आहे आणि ते बायकांच्या डब्यांवर ढकलू नये. ज्या घराने राहू द्या म्हटलं त्यांचा मला रागही नाही. त्या घरातली दिवाळी अजून आमच्याकडे आलेली नाही, आमच्याकडून ताटली जाते.

आता कळमन्याचं थोडं. इथे मार्केट यार्डात पहाटे संत्र्याच्या गाड्या लागतात, टनाचे भाव बोलले जातात आणि लहान फळ, ज्याला चुरी म्हणतात, ते स्वस्तात सुटतं. माझ्यासारख्या बाईला तेच हवं असतं. संत्र्याचा केक बिनअंड्याचा छान होतो, कारण रसातलं आंबट आणि सोडा मिळून पीठ फुलवतात. साल किसताना फक्त वरचा केशरी भाग घ्यायचा, पांढरा आला की कडू. रस काढून ठेवू नये, तो बसल्या जागी कडवट होतो. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या सुमारास असतं, मृगाचं थंडी सरता सरता, म्हणजे हल्ली रमजानच्या आगेमागे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय मिळालं. पण नागपुरी घराघरांतून हा केक निघायला हवा तसा निघत नाही. आपण अजून बर्फीवरच अडलोय.

या केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या चार-पाच मुली आमच्या भागात आहेत, हिजाबातल्या तशा बिनहिजाबातल्या. मला त्यांचं कौतुक आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत लहान उलाढालीच्या घरगुती व्यवसायाला वर्षाला १०० रुपयांत नोंदणीची सोय ठेवली. त्यांनी ती जरूर करून घ्यावी, नंबर डब्यावर लावावा. पण सणाला ऑर्डरी एवढ्या असतात की स्वतःच्या गल्लीत द्यायला त्यांच्याकडे काही उरत नाही. त्यातल्या एकीला मी म्हटलं, शंभरातले दहा आधी बाजूला काढ. ती हसून म्हणाली, “आंटी, मग मला परवडत नाही.” तिचं खरं आहे. माझंही खोटं नाही.

मी गेल्या दोन वर्षांपासून एक करते. डब्यात झाकणाच्या आतून एक चिठ्ठी लावते. मैदा, रवा, बेसन, साजूक तूप, पिठीसाखर, वेलची, जायफळ. अंडं नाही. भांडी वेगळी. खाली घरातल्या दोघींची नावं. पूर्वी भट्टीवर सगळ्यांच्या देखत सामान ओतलं जायचं, त्याची जागा ही चिठ्ठी घेते. सुरुवातीला मुलीला हे फार औषधाच्या बाटलीसारखं वाटलं. आता दोन घरांतून फराळाचा डबाही चिठ्ठी लावून येतो, आणि एका चिठ्ठीत चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहून आलं, जे मी तीन वर्षं मागत होते.

यंदा साजूक तुपाचा भाव बघून मी अर्धा डालडा घालायचं म्हणत होते. काकूंना विचारलं. म्हणाल्या, “घाल, पण चिठ्ठीत लिही. आणि आमच्या डब्यात नको घालू.”